विरजणाचा व्हिसा

हेलमार या देशाला परदेशी माणसांचं वावडं नाही. वावडं आहे ते परदेशी माणसांच्या पोटातल्या जंतूंचं. माणूस कसाही चालतो. काळा, गोरा, टकला, घोरणारा. जंतू मात्र तिथलेच हवेत.

हे मला मेघराज कुंभोजेंनी समजावलं. कुंभोजेंचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत आहे आणि बाहेर पाटी आहे, ‘व्हिसा, पासपोर्ट, ऊसतोडणी यंत्रे भाड्याने’. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला यंत्रवाला समजून चहा पाजला. व्हिसावाला निघालो म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण चहा परत मागितला नाही.

“हे बघा, ओजसभाऊ,” ते म्हणाले, “तुमच्या मिसेस तिकडं शास्त्रज्ञ. त्यांचा व्हिसा शास्त्रज्ञाचा. त्यात नवरा बसत नाही.”

“मग नवरा कशात बसतो?”

“पर्यटकात. पंधरवडाभर, तोही प्लास्टिकच्या सूटमध्ये. कायम राहायचं तर एकच वाट. परदेशी गुंतवणूकदार. तिकडं धंदा काढा, दीर्घ मुदतीचा बिझनेस व्हिसा घ्या.”

“माझा धंदा दह्याचा आहे.”

कुंभोजेंनी माझ्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाले, “यंत्रं भाड्यानं घेणाराच बरा होता.”

आमचं कुरुंदवाडला दह्याचं दुकान आहे. बाबा गेल्यापासून आई चालवते. मातीच्या गाडग्यातलं दही. गाडगं उलटं धरलं तरी पडत नाही. गिऱ्हाइकांपुढे मी ते रोज उलटं धरतो, आणि आई रोज म्हणते, “पडंल एक दिवस, मग कळंल.” विरजण आईच्या लग्नात तिच्या माहेराहून आलेलं. तेव्हापासून रोज कालच्या दह्यातून आजचं. आई बोटानं ढवळते, चमच्यानं नाही. चमच्यानं ढवळलं तर दही रुसतं असं तिचं मत आहे.

तिचं मत बरोबर निघालं, हे ईश्वरीनं दाखवून दिलं. ईश्वरी माझी बायको. ती दगडफुलावर संशोधन करते. गल्लीत कुणी विचारलं की आई सुरुवातीला सगळं नीट सांगायची. मग कंटाळून म्हणायला लागली, “मसाल्याच्या कंपनीत आहे.” तर ईश्वरीनं एकदा आईच्या बोटावरचा आणि गाडग्यातला नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासला. दोन्हीकडे एकच जिवाणू सापडला, आणि तो जगात दुसरीकडे कुठंही नोंदलेला नव्हता. इतकी वर्षं हात दह्याला जंतू देत होता आणि दही हाताला. त्या दह्यावर वाढलेला मी. माझ्या पोटातही तोच होता. “म्हणजे तुम्ही तिघं एकच कुटुंब,” ईश्वरी म्हणाली होती. “आई, तू आणि गाडगं.”

मग हेलमारचं बोलावणं आलं आणि ती गेली.

हेलमार हे उत्तरेकडचं बेट. तिथल्या पठारावर झाड नाही, गवत नाही, नुसते खडक आणि खडकांवर दगडफूल. त्यावर रेनडियर जगतात आणि रेनडियरांवर माणसं. काही वर्षांपूर्वी पर्यटकांबरोबर कुठला तरी जिवाणू तिथं पोचला आणि त्यानं दगडफूल खायला सुरुवात केली. पठार टकलं पडलं. रेनडियर उपाशी मेले. मग हेलमारनं कायदा केला. आपल्या अंगात जेवढ्या आपल्या स्वतःच्या पेशी आहेत, जवळजवळ तेवढेच जंतू आहेत. आतड्यात, तोंडात, कातडीवर. ते अन्न पचवतात, जीवनसत्त्वं बनवतात, घामाला वास देतात. माणूस म्हणजे चालतीबोलती चाळ. कायदा म्हणतो, राहायला यायचं तर चाळ रिकामी करून या. दवाखान्यात औषधांनी सगळे भाडेकरू काढतात, आणि हेलमारच्या एखाद्या निरोगी दात्याचे जंतू कॅप्सूलमधून भरतात. ज्याच्या अंगात तिथलेच जंतू, त्याच्यापासून तिथल्या दगडाला धोका नाही.

ईश्वरीनं हे केलं. वर्षभरानं ती सुटीवर आली तेव्हा मी तिला स्टँडवरच मिठी मारली, आणि मला वाटलं चुकून दुसऱ्याच बाईला मारली. तिच्या मानेला आमच्या घराचा वास असायचा. आता ओल्या लोकरीसारखा काही तरी थंड वास येत होता. वाईट नव्हता. फक्त ओळखीचा नव्हता. गल्लीतलं मोत्या नावाचं कुत्रं, ज्याला पिल्लू असताना तिनंच दूध पाजलं होतं, तिच्यावर भुंकलं. ती हसली आणि बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

ती आठ दिवस पाकिटातलं निर्जंतुक जेवण जेवली, तेही एरवी तोंडाला लावलेली जाळी जेवणापुरती काढून. निघायच्या दिवशी ती चप्पल घालत होती आणि आई वाटी-चमचा घेऊन उंबऱ्यात आली. आमच्याकडे कुणी परीक्षेला, गावाला, कसल्याही मोठ्या कामाला निघालं की हातावर दही-साखर पडते. चाटायची, हात पुसायचा नाही, निघायचं. मी बारावीला नापास झालो तेव्हासुद्धा दही चाटूनच गेलो होतो.

ईश्वरीनं हात मागे घेतला. “आई, मला चालत नाही हो.”

“बरं,” आई म्हणाली.

ते ‘बरं’ आमच्या घरात नंतर कित्येक दिवस मुक्कामाला होतं. आई दुकानात गिऱ्हाइकाला सुटे देताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, “पोरगी कोरड्या हातानं गेली रं.”

म्हणून मी ठरवलं की आपण जायचं.

कुंभोजेंनी अर्ज केला. हेलमारचं व्यापार खातं आमच्या दह्यावर फिदा झालं. समुद्राकाठी बंदिस्त कारखाना, तिथल्याच गाईंचं दूध, आणि आमचं विरजण. ते आधी गोठवून पाठवायचं, कारखान्याच्या भिंतीबाहेर जिवंत जाऊ द्यायचं नाही. बाहेर जाणारं दही तापवून, जंतू मारून विकायचं. विरजणाची नोंद ‘जिवंत भांडवल’ अशी झाली. थोडक्यात, व्यापार खात्याला आमचं विरजण हवं होतं, कारण ते जगात कुठंच नाही. आणि जैवसुरक्षा खात्याला मी चालणार होतो, पण माझ्यात जगात कुठंच नाही असं काही नसेल तर.

पुण्याच्या दवाखान्यात माझी चाळ रिकामी झाली. त्याबद्दल मी एवढंच सांगेन की तेव्हा मला संडासातली प्रत्येक फरशी नावानिशी ओळखत होती. मग कॅप्सूल. दात्याचं नाव सांगत नाहीत, फक्त सांगितलं की सत्तरीतला मेंढपाळ आहे आणि तब्येत ठणठणीत आहे. मी मनात त्याला काका म्हणायला लागलो.

“पहिले काही आठवडे जपा,” डॉक्टर म्हणाल्या. “नवे जंतू अजून बसायचे आहेत. रिकाम्या एसटीत जो आधी रुमाल टाकेल त्याची जागा. जिवंत अन्न बिलकुल नाही. आणि हे एकदाच मिळतं. दात्याकडून एका माणसाला आयुष्यात एकच वाटा, असा नियम आहे.”

व्हिसाची मुलाखत मुंबईला होती. दवाखान्यानं पुण्यातच राहा म्हणून सांगितलं होतं. पण पुढं कधी येणं होईल सांगता येत नव्हतं, म्हणून दोन दिवस आधी मी घरी गेलो. मोत्या भुंकला.

आईनं सगळी तयारी केली होती. घरातली सगळी गाडगी दुकानात हलवली होती. स्वयंपाकघर उकळत्या पाण्यानं धुतलं होतं. मला नव्या पातेल्यात नुसता भात शिजवून दिला आणि लांब बसून मी जेवताना पाहत राहिली.

“काय लागतंय का?”

“वाळवलेला मासा खावासा वाटतोय.”

“आरं देवा,” आई म्हणाली. “तुझा काका खातोय वाटतं.”

सकाळी मी बॅग घेतली. वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, “थांब.” मी थांबलो. तिनं फडताळातून वाटी काढली. माझा उजवा हात पुढे आला. चमचा आला. हाताचा पसा झाला, जीभ बाहेर आली, आणि मी ‘येतो गं’ म्हणालो. यातलं काहीही आम्ही दोघांनी ठरवून केलं नाही. सगळी गाडगी दुकानात गेली होती हे खरं. पण विरजणाची एक वाटी घरातल्या फडताळात असतेच. ती हलवायची असते हेच आईच्या डोक्यात आलं नव्हतं, जसं घर धुताना कुणी देव बाहेर नेऊन ठेवत नाही.

फाटकापर्यंत पोचलो आणि जिभेवर आंबट चव आली. मी वळलो. आई उंबऱ्यात चमचा धरून उभी होती. तिच्याही चेहऱ्यावर तीच चव आली होती.

“गिळलंस?”

“गिळलं.”

“थुंक. थुंक की रं!”

मी थुंकलो. मिठाचं पाणी प्यालो. बोटं घातली. आई पाठीवर थापट्या मारत होती, आणि मध्येच थांबली. “मी हात तरी लावू का नको तुला?” असं तिनं विचारलं.

हेलमारच्या मुंबईच्या कचेरीत एक यंत्र आहे. त्यात फुंकर मारायची. उच्छ्वासातल्या आणि थुंकीतल्या कणांवरून ते आतल्या भाडेकरूंची यादी काढतं. तिथल्या अधिकारी ओल्सेटबाई सौम्य होत्या. पडद्याकडे पाहून म्हणाल्या, “काल काही खाल्लंत का? एक अनोळखी दिसतोय. आठवड्यानं पुन्हा या. पाहुणा असेल तर जाईल.”

आठवड्यानं गेलो. पाहुण्यानं संसार मांडला होता.

“हा तर वाढलाय,” ओल्सेटबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी मला पेपरमिंट दिली. “आणि हा तुमच्या व्यवसायाच्या अर्जातही आहे. तुम्ही स्वतः खाल्लात?”

“आईनं हातावर घातलं.”

“का?”

“मुलाखत चांगली व्हावी म्हणून.”

त्यांनी हे लिहून घेतलं नाही.

त्या दिवशी ईश्वरीला फोन केला. ती पठारावर होती, वारा ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली. खूप वेळ हसली. मग हसणं थांबलं.

“माझ्या हातावर घातलं असतं ना त्यांनी,” ती म्हणाली, “तर मी हात मागे घेतला असता. घेतलाच होता. तुला जमलं नाही.”

“लक्षात नाही राहिलं.”

“तेच म्हणतेय. मला लक्षात राहिलं होतं.”

कुंभोजे मात्र खचले नाहीत. त्यांनी हेलमारचा गुंतवणूक कायदा छापून घेतला होता आणि त्यावर चहाच्या कपाचे गोल उमटले होते.

“ओजसभाऊ, तुम्ही माणूस म्हणून नापास झालात. आपण भांडं म्हणून प्रयत्न करू.”

“म्हणजे?”

“गुंतवणूकदाराला नोंदलेलं जिवंत भांडवल देशात नेता येतं. कशातून न्यायचं? ‘योग्य पात्रातून’. पात्र कसलं असावं, काही लिहिलेलं नाही. काचेचं म्हणत नाही, स्टीलचं म्हणत नाही. आता ते भांडवल तुमच्या पोटात आहे का नाही?”

“आहे.”

“मग झालं तर.”

अर्ज गेला. उलट प्रश्न आले. पात्राची क्षमता किती? पात्र कशाचं बनलेलं आहे? पात्राला झाकण आहे काय? कुंभोजेंनी उत्तर दिलं, “आहे, पण ते बोलतं.” मला वाटलं, प्रकरण इथं संपलं. पण हेलमारची खाती एकमेकांशी बोलत नाहीत; ती फक्त कायदा वाचतात. महिन्याभरानं पासपोर्टवर शिक्का आला. दीर्घ मुदतीचा बिझनेस व्हिसा, गुंतवणूकदार वर्ग. खाली बारीक अक्षरात अट, की सदर पात्र कायम कारखान्याच्या बंदिस्त भागात साठवावे.

“जाऊ का?” मी ईश्वरीला विचारलं.

“काचेतून का होईना,” ती म्हणाली, “ये.”

निघायच्या दिवशी आई उंबऱ्यात आली. वाटी नव्हती, चमचा नव्हता. तिचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते, थंडी नसताना. “आता चालतंय की गं,” मी म्हणालो. “आता मी नापास झालोय. घाल.”

“नको,” ती म्हणाली. “माझ्या हाताचा भरवसा नाही मला.” आणि हात बाहेर काढलेच नाहीत. मोत्या भुंकला नाही. त्यानं माझा पाय हुंगला आणि शेपूट हलवली.

कारखाना छान आहे. मी आतल्या भागात राहतो, टाक्यांच्या बाजूला. एक खाट, एक शेगडी, एक मोठी काच. काचेपलीकडे समुद्र आणि त्यापलीकडे पठार. बाहेरचे कामगार सूट घालून आत येतात, मला नमस्कार करतात आणि महिन्यातून एकदा माझी तपासणी करतात. टाक्यांच्या यादीत मी शेवटचा आहे. दही खपतं. तापवून मारलेलं दही. त्यानं दुसरं दही लागत नाही. हेलमारची माणसं त्यावर खारवलेला मासा घालून खातात. मला त्याचं इतकं वाईट वाटत नाही जितकं वाटायला हवं. थोडे काका अजून आत आहेत.

ईश्वरी शनिवारी येते. काचेपलीकडे खुर्ची टाकून बसते. आम्ही गप्पा मारतो, डबा खातो, तिनं तिकडं बनवलेला ती आणि मी इकडं बनवलेला मी. कधी कधी काचेवर हात ठेवतो, पण काच जाड आहे आणि थंड लागते ती काचच. तिच्या मानेचा वास आता कसा असेल, याचा मी विचार करत नाही. म्हणजे शनिवार सोडून.

गेल्या शनिवारी ती खुर्चीवर बसलीच नाही.

“उद्या लावायचंय,” ती म्हणाली. इतकी वर्षं प्रयोगशाळेत वाढवलेलं दगडफूल, त्या रोगाला पुरून उरणारं, पहिल्यांदा उघड्या खडकावर लावायचं होतं. बेटावरचे सगळे बघायला येणार होते. लावणार ती होती.

“घाबरलीस?”

“पोटात गोळा आलाय. तोसुद्धा कुणातरी हेलमारी बाईचा.”

औषधं आणि सामान आत यायला भिंतीत एक कप्पा आहे. त्याला दोन दारं. दोन्ही एकाच वेळी उघडू नयेत असं लिहिलंय. कुलूप नाही, हेलमारमध्ये लिहिलेलं पुरतं. हवा बाहेरून आत वाहते, आतली बाहेर जात नाही. ईश्वरीनं हातमोजा काढला, बाहेरचं दार उघडलं आणि उघडा हात कप्प्यात घातला. तळवा वर.

“घाल,” ती म्हणाली.

“काय?”

“नाटकं नकोत, ओजस.”

मी आतलं दार उघडलं. तिचा हात समोर होता. बोटांच्या टोकांना खडकानं चिरा पडल्या होत्या. इतक्या जवळून मी तो फार दिवसांनी पाहत होतो.

“काय होईल माहितीये ना?”

“माहितीये. तपासणीत सापडेन. मग कुंभोजेंना फोन करू. अजून एक भांडं. इथं दुसरी खाट मावते, मी मोजलंय.”

“आणि दगडफूल?”

“लावेल कुणीतरी.” तिनं हे सहज म्हटलं. फार सहज. “आईंच्या पुढ्यातून हात मागे घेतला होता मी. तो अजून तिथंच राहिलाय, ओजस. घाल ना.”

मी वळलो. माझ्या मागे मोठी टाकी होती, आणि टाकीवर वाटी होती. आईनं पाठवलेली नाही. इथलीच, स्टीलची, पण मी तिला आईची म्हणतो. वाटीत सकाळचं दही होतं. घट्ट. उलटी धरली तरी पडलं नसतं. मी चमचा उचलला. हात आपोआप वाटीकडे गेला. तो जाणारच होता, त्याला तेवढंच येतं. मी त्याला धरून ठेवलं, दुसऱ्या हातानं, खरोखर मनगटाला धरून.

मग तो चमचा खाली ठेवला. बाहेरून आलेला साखरेचा नवा पुडा फोडला. नव्या पाकिटातला नवा चमचा घेतला. तिच्या तळहातावर मधोमध साखर ठेवली, बोट लागू न देता.

तिनं हात बाहेर नेऊन पाहिला.

“दही?”

“संपलं,” मी म्हणालो.

माझ्या मागे टाकीत चार हजार लिटर दही शांतपणे लागत होतं. काच स्वच्छ आहे, रोज पुसतो. ईश्वरीनं माझ्या खांद्यावरून टाकीकडे पाहिलं, टाकीवरच्या वाटीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

“बरं,” ती म्हणाली.

तिनं साखर चाटली. हात पुसला नाही. तसाच हातमोज्यात घातला आणि पठाराच्या रस्त्याला लागली.